गच्चीवरच्या कुंड्यांना आपोआप पाणी: नागपूरच्या उन्हात घरी बनवलेल्या सिस्टिमबद्दल नेहमी येणारे प्रश्न

माझ्या गच्चीवर ४२ कुंड्या आहेत आणि खाली आवारात एक संत्र्याचं झाड. त्यांना पाणी देणारी सिस्टिम घरीच जोडली तेव्हापासून मार्च लागला की मेसेज सुरू होतात, भाऊ हे कसं केलं, ते कुठून आणलं, माझं काहून चालून नाही राहिलं. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळे प्रश्न एकाच जागी घेतले. नंबर दिलेत, कारण एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला येतो.

१. टायमर लावला की झालं ना? त्यात एवढं बनवायसारखं काय आहे?

चार-पाच कुंड्या असतील तर खरंच टायमर पुरे, नळाला लागणारा बॅटरीवाला टायमर घ्या आणि हे पान इथेच बंद करा. पण टायमरला हे समजत नाही की काल रात्री पाऊस पडून गेला, किंवा आज ४६ डिग्री आहे, किंवा टाकीत पाणीच नाही. घरी बनवलेल्या सिस्टिममध्ये तीन गोष्टी असतात: मातीचा ओलावा सांगणारा सेन्सर, निर्णय घेणारा छोटा बोर्ड (मी ईएसपी३२ वापरतो) आणि पाणी सोडणारा व्हॉल्व्ह किंवा पंप. पाणी सुरू करणं पोरासोरांचं काम आहे, दहा मिनिटांत जमतं. ते वेळेवर आणि प्रत्येक वेळी बंद होईल याची सोय करण्यात माझा जवळपास सगळा वेळ गेला.

२. सामान काय काय लागतं आणि नागपुरात कुठे मिळतं?

पाण्याच्या बाजूचं सामान: १६ मिमीची लॅटरल नळी (ड्रिपर जिच्यावर लागतात ती), ४ लिटर प्रति तासवाले ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या), बारीक मायक्रोट्यूब, एंड कॅप, १२० मेशचा जाळीचा फिल्टर, एक साधा हाताने बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह. हे सगळं कॉटन मार्केटकडच्या कृषी केंद्रांत सुटं मिळतं, मीटरवर. ऑनलाइन जे ‘गार्डन किट’ विकतात त्यातली नळी पहिल्या उन्हाळ्यातच माझ्याकडे पापडासारखी तडकली, शेतीवाली काळी नळी अजून टिकून आहे.

विजेच्या बाजूचं सामान: ईएसपी३२, रिले मॉड्यूल (बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटन समजा), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ करणारा), १२ चे ५ व्होल्ट करायला बक कन्व्हर्टर, डीएस३२३१ घड्याळ, दोन-तीन कपॅसिटिव्ह सेन्सर (प्र. ५), सोलेनॉइड म्हणजे करंटने उघडणारा व्हॉल्व्ह, १एन४००७ डायोड, पाणी न शिरणारा डबा. बर्डीवर (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बहुतेक मिळून जातं. व्हॉल्व्ह ‘नॉर्मली क्लोज्ड’ असाच मागा, म्हणजे करंट नसताना बंद राहणारा, दुकानदार दुसरा देत असला तर घेऊ नका. माझा सगळा खर्च पाच हजाराच्या आत बसला, त्यात दोन वेळा जाळलेले बोर्ड धरलेले नाहीत, ती फी समजा.

३. कोणत्या कुंडीला किती पाणी? तुम्ही किती मिनिटं चालवता?

आधी हाताने मोजा, मग मशीनला सांगा. एक १२ इंची कुंडी घ्या, मापाच्या मगाने पाणी घाला आणि खालच्या भोकातून पहिला ओघळ येईपर्यंत किती गेलं ते लिहून ठेवा. माझ्याकडे मे महिन्यात मोगरा आणि जास्वंद दिवसाला दीड ते दोन लिटर पितात. ४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर देतो, म्हणून मे अखेरच्या कडक उन्हात मी पहाटे १५ आणि संध्याकाळी १० मिनिटं देतो (एरवी एकदाच, प्र. ४). ४२ कुंड्यांचा हिशोब साधारण ७० लिटर रोजचा होतो, म्हणजे १००० लिटरच्या टाकीतून फार काही जात नाही, कूलर त्यापेक्षा जास्त पितो.

तुळस, कोरफड, अडेनियम यांना एवढं देऊ नका. त्यांच्यासाठी २ लिटरचा ड्रिपर लावा, वेळ तीच राहते आणि पाणी अर्धं होतं. वेगळी लाइन टाकायची गरज नाही.

४. पाणी सकाळी द्यायचं की संध्याकाळी?

नागपुरात पहाटे, ५ ते ६ च्या मध्ये. एप्रिल-मेमध्ये दुपारी २ वाजता गच्चीवरचा नळ उघडा आणि बोट धरून बघा, चहाचं आधण येतं. काळ्या नळीत जे पाणी उभं असतं ते त्याहून गरम, आणि तेच पहिलं मुळांवर पडतं. एकाने मला फोटो पाठवला होता, दुपारी १२ चं टायमिंग लावलेलं आणि पालक उकडून ठेवल्यासारखा झोपलेला. संध्याकाळचं पाणीही ७ नंतरच, नळी थोडी निवाली की. नवतप्यात, म्हणजे २५ मे नंतरचे नऊ दिवस, मी दोन्ही वेळा देतो, एरवी एकदाच (पावसाळ्याचं प्र. १२ मध्ये).

५. सेन्सर कोणता घेऊ? तो दोन काट्यांचा स्वस्तवाला चालेल का?

नाही चालणार. तो मातीतून करंट सोडून मोजतो, त्याच्या काट्यांवरचा मुलामा महिन्याभरात हिरवा पडून खाल्ला जातो आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह घ्या, काळ्या पट्टीसारखा असतो, त्यात उघडा धातू मातीला लागत नाही. पण त्याच्या कापलेल्या कडा उघड्याच असतात, तिथून पाणी आत शिरतं, म्हणून लावायच्या आधी कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या (घरी विचारून घ्या). वरचा सर्किटवाला भाग मातीत जाऊ द्यायचा नाही, रेघ आखलेली असते तिथपर्यंतच.

आकडा सेट करायला सेन्सर आधी कोरडा हवेत धरा, मग ग्लासभर पाण्यात. माझ्या एकाचं हवेत २९०० आणि पाण्यात १३०० आलं, दुसऱ्याचं वेगळं आलं, म्हणून प्रत्येकाचं वेगळं मोजा. आकडा जितका कमी तितकी माती ओली, हे उलटं आहे हे लक्षात ठेवा, यावर मला किमान दहा फोन आलेत.

बोर्डवर सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवरच जोडा. दुसऱ्या गटातल्या अॅनालॉग पिना वायफाय सुरू असताना वाचता येत नाहीत, लोक तासन्‌तास कोड तपासतात आणि चूक पिनेत असते.

६. प्रत्येक कुंडीत सेन्सर लावायचा का?

नको, दोन पुरे, तीन म्हणजे चैन. एक सगळ्यात आधी सुकणाऱ्या कुंडीत (माझ्याकडे पश्चिमेच्या कठड्यावरची) आणि एक सावलीतल्या कुंडीत. पावसाळ्यात तिसरा का लागतो ते प्र. १२ मध्ये आहे.

७. माती ओली आहे तरी सेन्सर ‘कोरडं’ का दाखवतो?

आपली काळी माती. ती सुकली की आकसते, भेगा पडतात, आणि सेन्सरच्या पट्टीच्या बाजूला केसाएवढी फट तयार होते. सेन्सरला मग माती नाही, हवा दिसते. दोन बोटं खोलवरची माती ओलसर असते पण सेन्सर ओरडतो की वाळवंट झालं, सिस्टिम पाणी सोडत राहते, आणि पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं म्हणून आकडाही बदलत नाही. हे असं फिरत राहतं.

यावर दोन उपाय करा आणि दोन्ही करा. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, निम्म्याला कोकोपीट, शेणखत आणि थोडी रेती मिसळा. दुसरं म्हणजे सेन्सरवर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नका: कोडमध्ये एका वेळचे जास्तीत जास्त मिनिटं आणि दिवसाचे जास्तीत जास्त मिनिटं पक्के लिहून टाका, सेन्सर काहीही म्हणो. माझी मर्यादा एका वेळी २०, दिवसाला ४५.

८. टाकी गच्चीवरच आहे, मग पंप काहून लागतो? व्हॉल्व्ह उघडतच नाही किंवा शेवटच्या कुंडीला पाणीच जात नाही.

कारण प्रेशर नाही. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा साधारण १ बार मिळतो. टाकी गच्चीच्याच स्लॅबवर असेल तर तुमच्याकडे जेमतेम एक मीटर उंची, म्हणजे ०.१ बार. बाजारातला साधा १२ व्होल्टचा सोलेनॉइड पाण्याच्या दाबानेच पडदा उचलतो, त्याला ०.२ बार तरी लागतो. तुम्हाला ‘टक’ आवाज येतो पण पाणी येत नाही, ते याचमुळे. व्हॉल्व्ह खराब नाही, बदलून आणू नका.

माझी टाकी जिन्याच्या टॉवरवर आहे, पाणी साडेतीन मीटर वर. व्हॉल्व्ह उघडायचा, पण शेवटच्या रांगेतली शेवंती उपाशी. मग मी फवारणी पंपाची १२ व्होल्टची मोटर लावली, जी शेतकरी पाठीवरच्या पंपात वापरतात, कृषी केंद्रात स्पेअर म्हणून मिळते. टाकी, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, मोटर, सोलेनॉइड, मग नळी, असा क्रम. मोटर आणि सोलेनॉइड वेगवेगळ्या रिलेवर ठेवा. मोटरचा चिकटला तर सोलेनॉइड अडवतो, सोलेनॉइडचा चिकटला तर पाणी नुसत्या उंचीने हळूहळू जातं (प्र. ११), सगळं एकदम वाहून जात नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, ही मोटर महापालिकेच्या नळाच्या लाइनीवर थेट लावू नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शेजारच्याचं पाणी ओढणंही आहे. नेहमी टाकीतून घ्या.

९. बोर्ड सुरू होताना रिले आपोआप ‘टक’ करून ऑन होतो. नॉर्मल आहे का?

नॉर्मल आहे आणि धोक्याचंही. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो पण माझी सगळी शिकवणी यातूनच झाली म्हणून जरा लांब लिहितो.

स्वस्त रिले मॉड्यूल बहुतेक उलटे चालतात, पिन खाली (शून्य व्होल्टवर) गेली की ऑन. माझ्या पहिल्या सिस्टिममध्ये फक्त सोलेनॉइड होता, पंप नव्हता. मे महिन्यात आम्ही अमरावतीला लग्नाला गेलो. रात्री ३ च्या सुमारास लाइट गेली आणि आली. बोर्ड नव्याने सुरू झाला, आणि मी शहाण्याने कोडमध्ये पहिलं काम लिहिलं होतं ‘वायफाय मिळेपर्यंत थांब’. त्या लाइटच्या झटक्यात राउटरचा अडॅप्टर उडालेला. म्हणजे बोर्ड वायफायची वाट बघत बसला, रिलेची पिन खालीच राहिली, व्हॉल्व्ह उघडाच. ४२ ड्रिपर, पंपाशिवाय कमी दाबातही तासाला शंभरेक लिटर. दुपारी २ ला खालच्या काकूंचा फोन, “अरे तुमच्या गच्चीवरून धबधबा पडून राहिला, आणि नळाला पाणी नाही!” गच्चीचा पाइप वाळक्या पानांनी बुजलेला, पाणी जिन्यातून उतरलं, १००० लिटरची टाकी ठणठणीत. लग्नात मठ्ठा पित होतो, घशाखाली उतरला नाही.

आता काय करायचं ते. रिलेच्या प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवा, म्हणजे बोर्ड झोपेत असताना रिले बंदच राहील. पिना २५, २६, २७, ३३ वापरा, ५, १२, १४, १५ टाळा, बोर्ड सुरू होताना ५, १४, १५ स्वतःच उड्या मारतात आणि १२ अशी वर ओढलेली असली तर बोर्डच सुरू होत नाही. कोडमध्ये सगळ्यात आधी रिले बंद करायची ओळ, वायफाय सगळ्यात शेवटी आणि तेही न मिळालं तरी पुढे जाईल असं. वॉचडॉग सुरू करा, बोर्ड अडकला तर स्वतः रिस्टार्ट होतो.

आणखी एक, रिले ऑन होतो पण बंदच होत नाही अशी तक्रार असेल तर मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढा, व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट द्या. बोर्डचे ३.३ व्होल्ट ५ च्या मॉड्यूलला ‘बंद’ म्हणून पुरे पडत नाहीत.

१०. लाइट गेली तर पाणी सुरूच राहील का?

नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड असेल तर नाही, करंट गेला की स्प्रिंगने बंद. पण प्रेशर कमी म्हणून बरेच जण मोटारवाला बॉल व्हॉल्व्ह घेतात, आणि तो लाइट गेल्यावर जिथे आहे तिथेच थांबतो, उघडा असेल तर उघडाच. बॅटरीवर चालणारे लॅचिंग व्हॉल्व्हही तसेच, एका झटक्यात उघडतात आणि बंद करायला दुसरा झटका लागतो. बॅटरी मधेच मेली की तो झटका देणार कोण? मोटारवाला घ्यायचाच असेल तर करंट गेल्यावर स्वतः बंद होणारा प्रकार येतो, तो शोधा, थोडा महाग पडतो.

लाइट परत आल्यावर वेळ चुकू नये म्हणून डीएस३२३१ घड्याळ, त्याचा गोल सेल काही वर्षं जातो. इंटरनेटवरून वेळ घेणं हा जोड आहे, आधार नाही.

११. पंप बंद केला तरी पाणी गळतच राहतं. रिले तर बंद दिसतो!

सायफन. तुमचं पाणी (ड्रम असो की टाकी) ड्रिपरपेक्षा उंच आहे आणि नळी भरलेली आहे, मग बंद पंपातूनही पाणी स्वतःच्या वजनाने जात राहतं. फवारणीच्या मोटरच्या आतले पडदे उलटं पाणी अडवतात, पुढे जाणारं नाही. सोलेनॉइड पुढे असेल (प्र. ८) तर हा त्रास होत नाही. नसेल आणि ड्रममध्ये बुडवलेला पंप असेल तर ड्रमच्या आत, पाण्याच्या पातळीच्या वर, नळीला बारीक भोक पाडा. पंप चालताना तिथून थोडं पाणी परत ड्रममध्येच पडतं, बंद झाला की हवा शिरते आणि धार तुटते. फुकटातलं काम आहे.

१२. पावसाळ्यात सिस्टिम बंदच करून ठेवायची का?

पूर्ण नको. नागपुरात जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो पण मधे आठ-दहा दिवसांची उघडीप हमखास येते, आणि त्या दमट उन्हात कुंडी दोन दिवसांत सुकते. मी टायमिंग तेच ठेवतो, फक्त उघड्यावरच्या कुंडीतला तिसरा सेन्सर ओला असेल तर ती पाळी वगळायची असं सांगितलंय. हवामानाच्या अंदाजावर सोडू नका, धरमपेठेत धो-धो आणि तिकडे बेसा भागात कोरडं हे आपण दरवर्षी बघतो.

छताखालच्या, खिडकीच्या छज्जाखालच्या कुंड्यांना मात्र पाऊस लागतच नाही. त्यांची लाइन वेगळी काढा, नाहीतर भर जुलैत तहानेने मरतील. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, डासांची सोय होते.

१३. बोअरचं पाणी आहे, ड्रिपर महिन्यात बंद पडतात.

क्षार. ड्रिपरच्या तोंडावर पांढरी पपडी दिसेल. उघडून साफ करता येणारे ड्रिपर घ्या, कोमट पाण्यात लिंबूसत टाकून रात्रभर बुडवा, सकाळी धुवा. फिल्टर आठवड्याला आणि एंड कॅप उघडून नळी महिन्याला धुवायची, पहिलं जे काळं पाणी निघतं ते बघून पटेल. जमत असेल तर पेंचचं, म्हणजे नळाचं पाणी टाकीत घ्या, झाडंही खुश राहतात.

१४. त्यातूनच खत सोडता येईल का? जीवामृत?

जीवामृत नको, कितीही गाळा, ड्रिपर बुजतातच. ते मगाने घाला. पूर्ण विरघळणारं खत चालतं, पण नंतर पाच मिनिटं साधं पाणी सोडायचं.

१५. डबा उन्हात ठेवला तर चालतो का?

माझा पहिला करड्या रंगाचा डबा मे महिन्यात हाताने धरवत नव्हता. बोर्ड तगतो, रिले आणि एसएमपीएस थकतात, आणि आत लिथियमचा सेल ठेवला असेल तर ते सरळ धोक्याचं. पांढरा डबा, उत्तरेच्या भिंतीला किंवा टाकीच्या सावलीत, वायर खालून आत घ्यायच्या म्हणजे पाणी ओघळून येत नाही. २३० व्होल्टची वायर गच्चीवर उघडी फिरवू नका, एसएमपीएस जिन्यात ठेवा आणि वर फक्त १२ व्होल्ट न्या, जरा जाड वायरीने. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर बंद होताना तो जो झटका मारतो त्याने बोर्ड हँग होतो.

१६. नळी रोज कुठेतरी कुरतडलेली दिसते. उंदीर का?

आमच्याकडे खार निघाली. तिला पाणी हवं असतं, नळी नको. कठड्यावर मातीचं पसरट भांडं ठेवलं आणि एक ड्रिपर त्यातच सोडला. त्यानंतर नळी शाबूत आहे आणि बुलबुलही येतात.

१७. अंगणात संत्र्याचं झाड आहे. सिस्टिम लावल्यापासून पानं मस्त, फुलंच नाहीत!

कारण तुम्ही त्याला ताणच पडू देत नाही. आपल्या संत्र्याला बहार धरायचा, म्हणजे एकदम भरपूर फुलं आणायची, तर आधी पाणी तोडावं लागतं, बागवाले म्हणतात झाड ताणावर सोडलं. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी बंद, पानं जरा मलूल होऊन काही गळायला लागली की जानेवारीत हळूहळू पुन्हा सुरू. मृग बहाराचा ताण मे महिन्यात आणि मग जूनच्या पावसावर फुलं. किती दिवस ताण द्यायचा ते मातीवर आहे, भारी काळ्या मातीत जास्त दिवस लागतात, हलक्या मुरमाड जमिनीत कमी. म्हणून संत्र्याची लाइन कुंड्यांपासून वेगळी, स्वतःचा व्हॉल्व्ह आणि ‘ताण’ नावाचं एक बटन. ते दाबलं की सेन्सर कितीही ओरडला तरी पाणी नाही. लहान, अजून फळावर न आलेल्या झाडाला ताण देऊ नका.

ड्रिपर खोडाला चिकटून ठेवू नका. खोड ओलं राहिलं की डिंक्या लागतो, सालीतून डिंक पाझरतो आणि चांगलं झाड हातचं जातं. घेराच्या कडेला, चार बाजूंना चार ड्रिपर. बोगनवेलीलाही ताण दिला की रंग येतो, पण तिला एवढे लाड नकोत, तिला लाइनच देऊ नका.

१८. आम्ही पंधरा दिवस गावाला चाललो. भरवसा ठेवून जाऊ का?

निघायच्या आदल्या दिवशी नवीन काहीही जोडू नका. किमान आठ दिवस घरी असताना चालवून बघा, आणि त्यातल्या एका दिवशी पाणी सुरू असताना मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू करा, राउटर बंद ठेवून करा, सेन्सर मातीतून उपटून करा. तिन्ही वेळा पाणी थांबलं तर जा. गच्चीचा पाइप साफ करून ठेवा. कुंड्यांची लाइन टाकीच्या तळातून न घेता बाजूला अर्ध्या उंचीवर भोक पाडून घ्या, म्हणजे सगळंच फसलं तरी घरात अर्धी टाकी उरते. मी प्र. ९ नंतर हेच केलं.

आणि बॉल व्हॉल्व्ह कुठे आहे ते खाली कोणाला तरी दाखवून ठेवा. आमच्याकडे त्याच्या दांड्याला लाल रिबीन बांधली आहे, किल्ली काकूंकडे असते. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एकदा तो बंद केला, धबधबा वगैरे काही नव्हता, खारीच्या भांड्यातून सांडलेलं पाणी होतं. दोन दिवस कुंड्या कोरड्या राहिल्या, शेवंती गेली. मी काही बोललो नाही.